आधी यादी, मग लस: वस्तीतल्या मुलांचं लसीकरण वाढवायचं तर गटाने काय करावं

2022 च्या ऑक्टोबर अखेरीस मुंबईत गोवंडीच्या रफीक नगरात थोड्या दिवसांत तीन मुलं दगावली आणि गोवराची साथ बातम्यांत आली. पाठोपाठ मालेगाव आणि भिवंडीची नावं त्यात आली. गोवराची लस सरकारी केंद्रात फुकट मिळते, आजची नाही, कित्येक वर्षं मिळते. कोविडच्या काळात लसीकरणाची सत्रं विस्कळीत झाली, घरं बदलली, माणसं गावी गेली आणि परत आली. या उलथापालथीत जी मुलं राहून गेली ती राहूनच गेली.

गोवर हा फार पसरणारा आजार. आसपास कुणीच लस घेतलेली नसेल तर एका रुग्णाकडून 12 ते 18 जणांना होतो. म्हणून दोन्ही डोस 95 टक्के मुलांना मिळावे लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019–21) देशातल्या 12 ते 23 महिन्यांच्या मुलांपैकी 76 टक्क्यांचं मूलभूत लसीकरण पूर्ण झालेलं होतं. महाराष्ट्र या सरासरीच्याही थोडा खालीच होता. त्यातही उरलेली मुलं सगळीकडे सारखी विखुरलेली नसतात, ती ठरावीक गल्ल्यांत, ठरावीक पालांवर, ठरावीक भाड्याच्या खोल्यांत एकत्र सापडतात. साथ तिथेच पेटते.

अशा वस्तीत काहीतरी करावं असं वाटणारे लोक असतातच: बचत गट, तरुण मंडळ, मशिदीची किंवा विहाराची कमिटी, एखादा डॉक्टर. ते एकत्र आले की पहिली सूचना येते ती रॅलीची. बॅनर, टोप्या, घोषणा. माझं मत विचाराल तर रॅली काढू नका. ज्या आईचं बाळ राहिलंय ती रॅलीत नसते आणि रॅली बघायला दारातही येत नाही. ती त्या वेळी कामावर असते. जनजागृती कमी पडते तेव्हा पडते, पण त्याच्या आधी कमी पडते ती यादी. जे बाळ कुणाच्याच वहीत नाही त्याला बोलवायला कोण जाणार?

गटात कोण हवं, कोण नको

दहा माणसं पुरेत. आशाताई, अंगणवाडी सेविका आणि लस टोचणारी सिस्टर या तिघींशिवाय सुरुवातच करू नका. सरकारी नोंदी त्यांच्याकडे असतात आणि गट चार महिन्यांनी थंडावला तरी त्या तिथेच असणार आहेत. त्यांच्या जोडीला वस्तीतले असे लोक घ्या ज्यांच्याकडे बातमी आपोआप येते. खोलीमालकाला कळतं नवीन भाडेकरू कोण आला. किराणावाल्याला कळतं कुणाकडे दुधाची बाटली विकली गेली. गल्लीतल्या बीएएमएस किंवा बीयूएमएस डॉक्टरकडे बाळाला ताप आला की आई आधी जाते. तो एकदा "सुईची काय घाई आहे" म्हणाला तर तुमची महिन्याची मेहनत पाण्यात, आणि तो "आज घेऊन जा" म्हणाला तर तुम्हाला बोलावंही लागत नाही.

नवी समिती काढण्याआधी आहे ती बघा. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर तरी असतेच. शहरी वस्तीत महिला आरोग्य समिती असते, साधारण 50 ते 100 घरांमागे एक, आणि तिला वर्षाला 5,000 रुपयांचा अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणे वापरता येणारा पैसा, असतो. तोच गट जागा करणं नवा फलक लावण्यापेक्षा सोपं. नगरसेवकाला जरूर बोलवा, सत्रासाठी जागा आणि पाणी तो मिळवून देईल. अध्यक्ष मात्र करू नका. निवडणूक लागली की निम्मी वस्ती गटापासून लांब जाते.

एक नाजूक गोष्ट. आशाताईच्या मोबदल्याचा काही भाग कामागणिक मिळतो आणि तिच्यावर वरून दहा कामांचा दट्ट्या असतो. तुम्ही तिच्या चुका शोधायला आलात असं तिला वाटलं, किंवा तिने आणलेली मुलं तुम्ही फोटो काढून आपल्या नावावर खपवलीत, तर संपलं. पहिल्याच बैठकीत सांगून टाका की आकडा तिचाच, गट फक्त हाताखाली.

मग आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा. मागणी छोटी ठेवा: पुढच्या तीन महिन्यांच्या सत्रांचं वेळापत्रक, वस्तीची ड्यू लिस्ट (कुणाचा कोणता डोस देय आहे ती यादी), आणि अडचण आली तर फोन उचलेल असं एक माणूस.

यादी

हे काम सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं. याला दोन-तीन आठवडे द्या.

आधी ढोबळ हिशेब करा. महाराष्ट्रात वर्षाला दर हजार लोकसंख्येमागे साधारण 15 जन्म होतात. म्हणजे 5,000 च्या वस्तीत वर्षाला 75 च्या आसपास बाळं आणि दोन वर्षांखालची दीडशेच्या घरात. तरुण जोडपी जास्त असलेल्या भाड्याच्या वस्तीत याहून जास्तच. रजिस्टरमध्ये 90 नावं असतील तर बाकीची कुठे आहेत हा प्रश्न घेऊन बाहेर पडायचं.

दोघादोघांनी, जमल्यास आशाताईबरोबर, गल्लीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकही दार न सोडता जा. वेळ वस्ती बघून ठरवा. घरकामाला जाणाऱ्या बायका दुपारी दोननंतर घरी सापडतात, यंत्रमागावरची माणसं पाळीप्रमाणे. दारात "लसीकरण झालं का?" असं विचारू नका. उत्तर "हो" हेच येतं, आणि ते खोटं असतं असंही नाही, पोलिओचे दोन थेंब मिळाले म्हणजे झालं असं अनेकांना प्रामाणिकपणे वाटतं. "बाळाचं कार्ड दाखवता का?" असं विचारा. माता-बाल संरक्षण कार्ड हातात आलं की शेवटची तारीख स्वतः वाचा. वहीत बाळाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, मोबाइल, शेवटचा डोस कोणता आणि कधी, पुढचा कधी, एवढंच लिहा. जात, धर्म, कागदपत्रं, मूळ गाव यातलं काही विचारू नका. तसा एक प्रश्न आला की पुढच्या दहा घरांची दारं बंद होतात.

कार्ड हरवलं असेल तर केंद्राच्या रजिस्टरमध्ये किंवा लसीकरणाच्या नोंदींच्या यू-विन या सरकारी पोर्टलवर आईच्या मोबाइल नंबरवरून नोंद सापडते का ते सिस्टरला बघायला सांगा. डाव्या दंडावर बीसीजीचा (क्षयरोगाविरुद्धच्या लसीचा) बारीक व्रण असेल तर जन्मानंतरची लस मिळाली असावी एवढा अंदाज येतो. काहीच सापडलं नाही तर कोणते डोस द्यायचे ते वैद्यकीय अधिकारी ठरवतील. नोंद नाही म्हणून बाळाला परत पाठवायचं नाही.

आपल्याकडे नावं नेमकी कुठे गळतात ते एकदा ओळखून घ्या. सगळ्यात मोठी गळती माहेरच्या बाळंतपणाची. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते, बाळ तिकडे जन्मतं, जन्माचे डोस तिकडे होतात आणि आई तीन-चार महिन्यांचं बाळ घेऊन सासरी येते. माहेरची आशा समजते ती गेली, सासरच्या आशेला ती आल्याचंच माहीत नाही. मधले सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस अधांतरी. दुसरी गळती नावाची: रुग्णालयात "बेबी ऑफ" म्हणून नोंद, बारशानंतर नाव वेगळं, त्यामुळे एकच बाळ दोनदा किंवा एकदाही नाही. तिसरी, खासगी दवाखान्यात लस घेणारी मुलं. त्यांचं कार्ड वेगळं, सरकारी यादीत ती राहिलेली दिसतात आणि आशाताई त्यांच्या दारी उगाच खेपा घालते. कार्डाचा फोटो केंद्राला दिला की हा घोळ मिटतो. आणि मग बांधकामावरच्या वॉचमनची खोली, पुलाखालची पालं, गोदामामागची दोन घरं. ही कुठल्याच आशाताईच्या हद्दीत धड येत नाहीत. दोन हद्दींच्या मधला पट्टा मुद्दाम चालून या.

ही वही गटातल्या दोघांकडेच राहील. व्हॉट्सॲप ग्रुपवर नावं टाकायची नाहीत, विशेषतः नकार देणाऱ्यांची.

का राहिलं, ते वेगवेगळं लिहा

यादी झाली की राहिलेल्या प्रत्येक नावापुढे कारण लिहा. माहीतच नव्हतं. वेळ जमत नाही. गावी होतो. मागच्या वेळी फार ताप आला. सर्दी होती म्हणून परत पाठवलं. घरातले नको म्हणतात. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे, आणि सगळ्यांना एकच भाषण देऊन यातलं एकही सुटत नाही.

एक छोटं गणित इथे उपयोगी पडतं. समजा वस्तीत पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे पाच आजारांविरुद्धच्या एकत्रित लसीचा, पहिला डोस 40 बाळांना मिळाला आणि तिसरा 31 जणांना. म्हणजे 9 गळाली, 40 मधली साडेबावीस टक्के. ही गळती 10 टक्क्यांच्या वर गेली की काहीतरी बिघडलंय असं धरतात. पहिलाच डोस कमी असेल तर तुमची यादी किंवा पोहोच कच्ची आहे. पहिला भरपूर आणि तिसरा कमी असेल तर लोक एकदा आले होते. मग परत का आले नाहीत? त्यांना तिथे काय अनुभव आला ते विचारा.

बहुतेकदा उत्तर सहाव्या आठवड्यात असतं. त्या दिवशी बाळाला दोन लसी तोंडावाटे (पोलिओ आणि जुलाबाविरुद्धची रोटा) आणि तीन सुया असतात: पेंटा डाव्या मांडीत, पीसीव्ही (न्यूमोनियाविरुद्धची) उजव्या मांडीत, पोलिओची सुई उजव्या दंडावर. दीड महिन्याचं बाळ, तीन टोचण्या आणि रात्री ताप. आधी कुणी काही सांगितलेलं नसलं की घरात सासू म्हणते, पुन्हा न्यायचं नाही. आता हे बघा: दहाव्या आठवड्याला सुई एकच असते. हे आईला सहाव्या आठवड्यातच सांगून ठेवलं तर ती दहाव्याला येते. चौदाव्या आठवड्याला पुन्हा तीन, तेही आधीच सांगा.

सत्राचा दिवस

वेळापत्रक सरकारचं असलं तरी ते दगडावरची रेघ नसतं. बायका दुपारी दोनपर्यंत कामावर असतील आणि सत्र एक वाजता संपत असेल तर वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे यादी घेऊन जा, "लोक म्हणतात" असं नाही, इतक्या आयांची ही नावं आणि या वेळा, असं. यादीचा खरा जोर तिथे दिसतो. महिन्यातून एक सत्र दुपारनंतर किंवा रविवारी मिळवलंत तरी राहिलेल्यांच्या यादीतली बरीच नावं कमी होतात.

आदल्या संध्याकाळी फोन करा, मेसेज नाही. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांच्या दारी कुणीतरी जाऊन या. सत्र सुरू झाल्यावर दीड तासाने यादी बघा, कोण आलं नाही ते काढा आणि तेव्हाच दोन पोरांना त्या घरी पिटाळा. उत्तर प्रदेशात पोलिओच्या मोहिमेत मुलांच्या अशा टोळ्या होत्या, त्यांना बुलावा टोली म्हणत. थोरल्या माणसाने बोलावलं तर कारणं मिळतात. दहा वर्षांची पोरं हसत दारात उभी राहिली की आई पदर सावरून निघते.

परत पाठवण्यावर गटाचं बारीक लक्ष हवं. दोन कारणांनी बाळं परत जातात. एक, साधी सर्दी, खोकला किंवा थोडे जुलाब. यासाठी लस थांबवायची गरज नसते. दोन, गोवर-रुबेलाची किंवा बीसीजीची बाटली. एका बाटलीत अनेक डोस असतात आणि ती एकदा विरघळवली की चार तासांत संपवावी लागते. एकच बाळ आलं की "पुढच्या वेळी या" असं तोंडात येणं माणसाच्या स्वभावाला धरून आहे. पण थोडे डोस वाया जाणार हे कार्यक्रमाच्या हिशेबात धरलेलंच असतं, एका बाळासाठीही बाटली उघडायची असते. गटाने सिस्टरशी भांडण्यापेक्षा गोवर-रुबेलाच्या पहिल्या डोससाठी नऊ महिन्यांची झालेली बाळं एकाच दिवशी आणावीत. तिचाही जीव भांड्यात पडतो.

टोचल्यानंतर अर्धा तास थांबवायचं असतं, आणि तिथे बसायला सतरंजी, पंखा, प्यायला पाणी नसेल तर कुणी थांबत नाही. ही तजवीज पूर्णपणे गटाची. त्याच अर्ध्या तासात चार गोष्टी प्रत्येक आईशी बोलायच्या: आज कोणती लस दिली आणि ती कशासाठी, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवा, येताना आणा.

त्या रात्रीचा ताप

लसीकरण टिकतं की तुटतं ते बऱ्याचदा सत्रानंतरच्या पहिल्या रात्री ठरतं. पेंटानंतर एक-दोन दिवस ताप, किरकिर, मांडीला सूज येऊ शकते. पॅरासिटामॉलचा डोस बाळाच्या वजनाप्रमाणे सिस्टरकडून लिहून घ्या. अंगावर पातळ कपडे, वरचेवर अंगावरचं दूध. सुजेवर चोळायचं नाही, हळद-चुना लावायचा नाही. गोवराच्या लसीनंतर ताप किंवा बारीक पुरळ लगेच नाही, साधारण आठवडा-दीड आठवड्याने येतं, हे आधी सांगितलं नाही तर "लसीनेच गोवर आला" ही बातमी वस्तीभर होते. बीसीजीच्या जागी काही आठवड्यांनी छोटी फोडी येऊन बरी होते, तिला औषध लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक घरी एक फोन, "रात्री बाळ कसं होतं?" एवढाच. या फोनची किंमत बॅनरच्या खर्चाहून कितीतरी जास्त आहे. झटके, श्वासाला त्रास, बाळ निपचित पडणं, ताप न उतरणं, यातलं काहीही असेल तर वाट न बघता 108 ला फोन, रुग्णालय, आणि आशाताई व आरोग्य केंद्राला लगेच खबर. असं काही घडलं तर लपवू नका. जिल्ह्यात अशा घटना तपासणारी समिती असते, तिचं म्हणणं येईपर्यंत गटाने अंदाज बांधू नयेत. त्या घरी मात्र रोज जावं.

नको म्हणणारं घर

अशी घरं वाटतात त्याहून कमी असतात. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये राज्यात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम शाळांमधून सुरू झाली तेव्हा मोबाइलवर अफवांचे व्हिडिओ फिरले, आणि पालकांना ज्याची शंका होती त्याची उत्तरं द्यायला वेळेवर कुणी भेटलं नाही. "अडाणी आहेत" म्हणून हात झटकणं सोपं.

नकारावर देशाला सगळ्यात मोठा धडा मिळाला तो पोलिओत. 2002 मध्ये देशभरात पोलिओचे 1,600 रुग्ण होते, त्यातले बहुतेक उत्तर प्रदेशात. थेंबांनी मूल होत नाही अशी अफवा होती, आणि तिच्याखाली खरी तक्रार वेगळी होती: आमच्याकडे रस्ता नाही, गटार नाही, दवाखाना नाही, मग हे थेंब घेऊनच वारंवार का येता? वस्तीतल्याच बायकांना घरोघर बोलायला नेमलं, इमामांना आणि अलीगढ मुस्लिम विद्यापीठासारख्या संस्थांना सोबत घेतलं, पोलिओबरोबर जुलाब, स्वच्छता, इतर लसी हेही बोलणं सुरू झालं. शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला पश्चिम बंगालमधल्या हावड्यात सापडला.

तेव्हा नकाराच्या घरी चार जण मिळून जाऊ नका, एकानेच जा, आणि पहिल्या भेटीत लसीचा विषय शेवटी काढा. ऐका. निर्णय कोण घेतं ते ओळखा, बऱ्याच घरांत तो आईचा नसतो, सासूचा किंवा परगावी असलेल्या नवऱ्याचा असतो. मग बोलणं तिथे. त्याच गल्लीतली, त्याच समाजाची, जिच्या बाळाला लसी झाल्यात अशी आई सोबत असेल तर डॉक्टरची गरज पडत नाही. मौलाना, भंतेजी, महाराज यांना सभेत दोन शब्द बोलायला लावण्यापेक्षा त्यांच्या घरातल्या नातवंडाला सत्राला आणायला सांगा. रेशन बंद करू, दाखला मिळणार नाही, असल्या धमक्या कुणी देत असेल तर त्याला गटातून बाहेर काढा. त्याने एक बाळ येतं आणि दहा घरं जातात.

ऊसतोड आणि वीटभट्टी

बीड, अहिल्यानगरकडची जोडपी दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल घेऊन कोयता बांधून निघतात ती मार्च-एप्रिलपर्यंत येत नाहीत. सहा महिने म्हणजे एका बाळाचं निम्मं वेळापत्रक. गावच्या गटाने ऑक्टोबरमध्ये एक जास्तीचं सत्र मागावं, जाणाऱ्या प्रत्येक बाळाचे त्या दिवसापर्यंतचे डोस पुरे करावेत आणि कार्डाचा फोटो आईच्या आणि मुकादमाच्याही मोबाइलमध्ये ठेवावा. मुकादम कुठल्या कारखान्याला टोळी नेतोय ते विचारून तिथल्या केंद्राला कळवणं हे आशाताईपेक्षा गटाला सोपं जातं.

कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या गटांचं काम उलटं. तोड पहाटेच सुरू होते, बाळ आईबरोबर फडात असतं किंवा कोपीवर (मजुरांच्या झोपडीवर) सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या काखेत. सकाळी दहाला सत्र लावलं तर ती बहीण भेटते, आणि तिला कोण विचारणार? गाडी भरून झाल्यावर, संध्याकाळी, कोपीवरच जावं लागतं. वीटभट्टीवर मालकाला आधी भेटा, नाहीतर तो तुम्हाला कामगार खात्याची माणसं समजतो.

मोजायचं किती

दर तीन महिन्यांनी वस्तीतल्या 12 ते 23 महिन्यांच्या वीस मुलांची कार्डं बघा. ती घरं तुमच्या ओळखीची नसावीत, वस्तीच्या कडेची असावीत. त्या वयापर्यंत बीसीजी, पेंटाचे तीन, पोलिओचे डोस, रोटा, पीसीव्ही आणि गोवर-रुबेलाचा पहिला झालेला हवा. गोवराचा दुसरा डोस आणि डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचा) बूस्टर 16 ते 24 महिन्यांत असतो आणि नेमका तोच विसरला जातो, कारण बाळ चालायला लागलं की घरच्यांना वाटतं लसी संपल्या. अंगणवाडीत नाव घालताना कार्ड बघायची सवय सेविकेला लावली तर हा डोस पकडता येतो. आकडा चांगला आला नाही तर तो केंद्राला लपवू नका. त्याच आकड्यावर जास्तीचं सत्र मिळतं.

गोवर दिसला तर

ताप आणि अंगभर लालसर पुरळ, सोबत खोकला, वाहतं नाक किंवा लाल डोळे असलेलं मूल दिसलं की त्याच दिवशी आशाताई आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा. देवी आली म्हणून घरात कडुनिंब बांधला असेल तर वाद घालू नका. निंबही राहू दे, डॉक्टरही येऊ दे. अ जीवनसत्त्वाचे दोन डोस लागोपाठच्या दोन दिवशी द्यायचे असतात, ते केंद्रातून येतील आणि वयाप्रमाणे प्रमाण तेच ठरवतील. आजूबाजूच्या घरांची तुमची वही त्या दिवशी केंद्राला सगळ्यात जास्त उपयोगी पडते. 2022 च्या साथीत बाधित भागांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना जास्तीचा डोस दिला गेला, आणि काही ठिकाणी सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही. असा निर्णय झाला तर कुठल्या घरात त्या वयाची किती मुलं आहेत हे तासाभरात सांगता आलं पाहिजे. आजारी मुलाला पुरळ उठल्यापासून चार दिवस इतर मुलांत मिसळू देऊ नका, आणि त्या घरी दूध, भाजी, औषध पोचवायचं काम गटातल्या दोघांनी वाटून घ्या.